स्प्रिंगचं यंत्र आणि काळी पाच

जुनं, भारी ग्रामोफोन यंत्र घरात ठेवण्यात आता काही अर्थ आहे का, असं कुणी विचारलं की मी आधी चिडते. शोभेला ठेवणार असाल तर ठेवूच नका. पण माझं चारचौघांत हसं व्हायचं वाचलं, ते अशाच एका यंत्रामुळे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अमरावतीची, लग्न होऊन अकोल्यात आले. बाबांनी चावीचा विलायती ग्रामोफोन सोबत दिला होता, दोन स्प्रिंगांचा, उचलायला दोन माणसं लागत. यजमानांना त्याची लाज वाटे. यांनी रेडिओला जोडायचा विजेचा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि बाबांचं यंत्र कोपऱ्यात गेलं, वर चादर.

त्या हिवाळ्यात नागपूरला रेडिओ केंद्रात माझी गाण्याची परीक्षा ठरली. "नापास झाली तं मंग हे गाण्याचं खूळ बंद," सासूबाईंनी बजावलं. त्या उगाच बोलत नसत. मी रोज संध्याकाळी विजेच्या यंत्रावर एकच तबकडी लावून तिच्याबरोबर गात बसे. गाणं काळी पाच पट्टीतलं, असं अमरावतीच्या गुरुजींनी सांगितलेलं. त्यातला वरचा सा मला कधी धड लागला नव्हता, तो आता अलगद लागू लागला. गायिकेचा आवाज जरा जड वाटे, पण तो स्पीकरचा गुण समजून मी सोडून दिलं. हुरळले होते ना!

परीक्षा चार दिवसांवर आली आणि एका संध्याकाळी वीजच गेली. मी चादर काढली, चावी दिली, तीच तबकडी लावली. पहिली ओळच उंच गेली. वरच्या 'सा'ला माझा आवाज चक्क फाटला.

"काहून वं, अशी काहून किंचाळून राहिली?" सासूबाई आतून ओरडल्या.

"तुह्या बाबाचं डबडं जोरात पयून राहिलं," हे म्हणाले. "स्प्रिंग बिघडली त्याची."

यंत्रच वेगानं फिरत असावं, असं मला मनापासून वाटत होतं. तबकडीचे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे व्हायला हवेत. मी तिच्या मधल्या गोल कागदावर कुंकवाचा ठिपका लावला. सासूबाईंनी कंदील धरला, यांनी घड्याळ, मी मोजू लागले. अठ्ठ्याहत्तर म्हटलं आणि हे म्हणाले, "झाला मिन्ट." बाबांचं यंत्र बरोबर होतं.

दुसऱ्या संध्याकाळी विजेच्या यंत्राचे फेरे मोजले. सत्तर व्हायच्या आत मिनिट संपलं. डोक्यावर दिवा पिवळा जळत होता. कापसाचा हंगाम, जिनिंगच्या गिरण्या सुरू झाल्या की वीज कमी पडून दिवे मंद होत. सगळं अकोला रोज ते पाहत होतं, पण दिव्याबरोबर तबकडीही मंदावते, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. मी इतके दिवस एक पूर्ण स्वर खाली गात होते, काळी पाच समजून काळी चारमध्ये. यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि रडू फुटलं.

"आता काय करतं?" यांनी विचारलं.

"काळी चारमध्येच गाते."

"रेकॉर्डीपेक्षा खाली? लोक काय म्हणतीन?"

"आणि फाटलेल्या आवाजाला काय म्हणतील?" मी ताडकन म्हटलं.

नागपूरला तंबोरा लावणाऱ्यांनी पट्टी विचारली. काळी पाच जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "काळी चार." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी गाऊ लागले, पण जीव सगळा पुढच्या त्या वरच्या 'सा'मध्ये अडकलेला. जागा आली, मी डोळे मिटले.

लागला.

बाहेर हे ताटकळत उभे होते. यांना पाहताच भर रस्त्यात, लोकांदेखत, मी हमसून हमसून रडले. नापास झाले असं समजून हे मला समजावत बसले, आणि मला काही सांगताच येईना.

निकाल कळायला पुढे बरेच दिवस होते. अकोल्याला परतल्यावर मी गाण्याचं नावही काढलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी सासूबाई गहू निवडता निवडता, वर न पाहता म्हणाल्या, "आज गाऊन नाई राहिली?"