वसुधाताई आणि त्यांची करडी

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून खणखणीत मराठी ऐकू आलं, "सरळ उभी राहा गं बाई! रोज रोज काय नखरे!" पहाटेचे साडेपाच वाजले होते. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या आमच्या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता, आणि झोप येत नाही म्हणून मी खाली चक्कर मारायला निघाले होते. आत साठीच्या एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, अंगात सायकलवाल्यांचे घट्ट कपडे, कपाळावर बारीक टिकली. समोर मागच्या चाकावर उभी केलेली एक करडी सायकल. बाईंचं सगळं बोलणं त्या सायकलशी चाललं होतं.

मी आ वासून बघत राहिले. बाई म्हणाल्या, "बघतेस काय, आत ये. पुण्याची ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मराठी ऐकून हसावं की नाही, याचा एवढा विचार पुण्याचीच माणसं करतात."

या वसुधाताई रेगे. माझ्याच मजल्यावर, चार दारं सोडून एकट्या राहायच्या. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सिंगापूरला आल्या, हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत नोकरी केली, इथल्याच नागरिक झाल्या. नवरा गेला, मुलगा टोरांटोला स्थिरावला, आणि निवृत्तीनंतर ताईंनी ही टायटॅनियमची सायकल घेतली. नातेवाइकांनी फोनवरून बोंब ठोकली की एवढ्यात पाटल्या-बांगड्या झाल्या असत्या. ताईंचं उत्तर तयार होतं, "बांगड्या घालून मी कुठे जाणार? ही मला घेऊन जाते." सायकलीला रंग नव्हता, धातू जसा होता तसाच. म्हणून तिचं नाव करडी. गेल्या वर्षी ताई मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. करडी आता माझ्याकडे आहे, सीट दोन बोटं खाली घेऊन चालवते. तेव्हापासून ताईंबद्दल लिहीन लिहीन म्हणते आहे.

त्या दिवसांत मी नोकरीपायी पार पिचून गेले होते. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, संध्याकाळी पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग. एकदा तर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या रडू फुटलं, आणि शेजारच्या माणसाने मुकाट्याने टिश्यूचं पाकीट पुढे केलं. मी हे लिफ्टमध्ये ताईंना सांगून बसले. का सांगितलं, देव जाणे. ताईंनी ना उपदेश केला, ना जवळ घेतलं. करडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उचल." मी दोन्ही हात लावून जोर केला तर ती एकदम वरच आली, पोळीच्या डब्यात काहीच नसावं तशी! मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "रविवारी सहाला खाली ये," ताई म्हणाल्या. "जुनी एखादी सायकल बघते तुझ्यासाठी."

अशी मी त्यांच्यामागे लागले. सेलेटारच्या विमानतळाकडे, मंडाईच्या झाडीतून, कधी पार चांगीपर्यंत. ताई पुढे, मी मागे. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांची एक रीत असते. मागचा माणूस पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून चालवतो, म्हणजे त्याला वारा लागत नाही. पण त्याला समोरचं दिसतही नाही. म्हणून पुढच्याने हाताने दाखवायचं आणि ओरडून सांगायचं. ताई मराठीत ओरडायच्या. "झाकण!" म्हणजे गटाराचं झाकण, "फांदी!", "पत्रा!", "डावीकडे बस आहे!" एका चिनी ग्रुपची मंडळी आमच्यामागे यायची, तीही पुढे पुढे "झाकाण, झाकाण" करायला लागली. ताई मला बजावायच्या, "माझ्या मागे आहेस तोवर तुझे डोळे माझ्याकडे आहेत. घाबरायचं नाही."

आणि मी खरंच घाबरत नव्हते. मला झोप लागायला लागली. भूक लागायला लागली. माझी लेक ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, यू आर लेस स्केरी नाऊ, लाह." याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

चालवून झालं की खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये बिनसाखरेची काळी कॉफी प्यायची आणि ताईंची बोलणी ऐकायची. मला कार्बनची सायकल घ्यायची हुक्की आली तेव्हा म्हणाल्या, "घे की. कार्बन म्हणजे पाहुणा. फार छान असतो, पण जपावं लागतं. हे घरचं माणूस." आणि करडीच्या दोन नळ्या जिथे जोडल्या होत्या तिथे माझं बोट फिरवलं. "बघ, कुणीतरी बसून करंजीला घालावी तशी मुरड घातली आहे." दसऱ्याला त्या लिटिल इंडियातून झेंडूची फुलं आणून करडीची साग्रसंगीत पूजा करायच्या. मी चाकाखाली ठेवायला लिंबू नेलं तर डाफरल्या, "चाकाखाली कशाला? सरबत कर!"

तिसऱ्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं. आधी एक पत्रा सुटला. रस्त्याच्या कामावर टाकलेला चांगला पलंगाएवढा लोखंडी पत्रा, डाव्या बाजूला, आणि ताईंची हाक नाही. मी कशीबशी वाचले. म्हटलं, होतं कधीतरी. मग रस्त्याच्या कामावर ठेवलेला एक प्लॅस्टिकचा नारिंगी कोन त्यांच्या डाव्या कोपराला घासला, तर ताईंनी थांबून कामगारांनाच झापलं. त्यांच्या डाव्या नडगीवर सारखा काहीतरी काळा-निळा डाग असायचा. विचारलं तर म्हणायच्या, "ते मेलं टेबल मध्ये येतं."

आणि मग ती फांदी. आदल्या रात्री वादळ झालं होतं. मंडाई रस्त्यावर डाव्या कडेला मनगटाएवढी फांदी पडलेली. ताई तिला चाटून पुढे गेल्या. मी सरळ तिच्यावर. डोळे उघडले तर मी गवतात होते आणि माझा उजवा हात भलत्याच दिशेला वळला होता.

ताई धावत आल्या. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "मी हाक दिली नाही का गं?"

आणि मी म्हटलं, "दिलीत ना, ताई. मीच घड्याळ बघत होते."

आपल्याकडे मोठ्यांची भीड असते ना, ती ही. ज्या बाईने मला पुन्हा माणसात आणलं, तिला "तुम्हाला दिसलं नाही" असं तोंडावर कसं म्हणायचं? आणि म्हटलं, तर तिची करडी सुटेल. मग तिच्याकडे उरतं काय? चार भिंती आणि टोरांटोचा व्हिडिओ कॉल. मी मनात म्हटलं, मनगट काय, जुळेल.

सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. ताई रोज डबा घेऊन यायच्या, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ. एकदा ईराने त्यांच्या डाव्या हाताला पाण्याचा पेला धरला. ताई बोलतच राहिल्या, पेल्याकडे बघेनात. त्या गेल्यावर ईरा माझ्यासमोर उभी राहिली. "शी कान्ट सी द लेफ्ट साइड. यू नो, राइट? देन व्हाय यू लाइड?" मी तिला गप्प बसवलं. स्वतःला काही बसवता आलं नाही. रोज पहाटे लिफ्टचा आवाज झाला की मी उठून बसायचे. आज परत येतील ना? परत आवाज झाला की मगच मी चहा प्यायची.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी मला राहवेना. पहाटे गाऊनवरच बाहेर आले आणि लिफ्टच्या दारात उभी राहिले. "ताई, आज जाऊ नका. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. आधी डोळे दाखवा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"काल सायकलवर बसलीस, आणि मला शिकवतेस?" करडी माझ्या अंगावरून नेत त्या आत शिरल्या. दार बंद झालं.

मी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमधल्या दगडी टेबलाशी जाऊन बसले. दोन तास. जाणारे-येणारे माझ्या गाऊनकडे बघत होते, बघोत. ताई आल्या, सुखरूप आल्या, आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यानंतर तीन आठवडे बोलणं नाही. डबा तर नाहीच नाही. मी मात्र एक गोष्ट ऐकत होते. पहाटे लिफ्टचा आवाज येत नव्हता.

एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात ताई, साध्या सुती साडीत. हातात औषधाच्या थेंबांची बाटली. आत येऊन बसल्या आणि बातम्या वाचाव्या तशा बोलल्या, "काचबिंदू आहे. डावा डोळा बाजूने पार गेला. उजव्यात सुरुवात आहे. रोज थेंब घातले तर उरलंय ते टिकेल म्हणतात. आणखी वर्षभर आले नसते, तर हाही गेला असता. रस्त्यावर सायकल बंद."

मला रडू यायला लागलं. "ताई, मला माफ करा. मी असं तोडून बोलायला नको होतं."

"त्याचा नाही राग आला मला," त्या म्हणाल्या, आणि आवाज चढला. "म्हणजे आला, तीन दिवस आला. पण खरा राग वेगळा आहे. सहा आठवडे तू माझ्यासमोर हात गळ्यात बांधून बसलीस, माझी थालीपिठं खाल्लीस, आणि खोटं बोललीस. ते सहा आठवडे मी एकटी जात होते, मीनल. एखादं पोर डावीकडून रस्त्यात आलं असतं तर? तू म्हणालीस मी हाक दिली, म्हणून मी म्हटलं, दिली असेल. माझी भीड धरायची ना, तर चहाला नको म्हणताना धर!"

सायकल, झोप, भूक, माझं हसू, हे सगळं ताईंनी मला दिलं, आणि त्यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. पण त्या दिवशी जे दिलं ते वेगळंच होतं. आता ऑफिसात किंवा घरात कुणाला न दुखवण्यासाठी गोड खोटं ओठांवर आलं की मला त्या दुपारचा ताईंचा चेहरा दिसतो, आणि मी खोटं गिळते.

बोलून झाल्यावर ताईंनी माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. मनगटावरून अंगठा फिरवला, हाड जिथे जुळलं होतं तिथे थांबला. त्यांना तिथला उंचवटा लागला असणार.

"हे माझ्यामुळे मोडलं ना?"

सवयीने "नाही हो ताई" तोंडात आलंच होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवून मला नीट उजव्या डोळ्यासमोर घेतलं होतं, आणि त्या वाट बघत होत्या.

"हो, ताई," मी म्हटलं. "तुमच्यामुळे."

ताईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण माझा हात काही त्यांनी सोडला नाही.