पोत्यात बसून नांदेडला गेलेला सीपीयू

माझा सीपीयू नायगावहून नांदेडला खताच्या पोत्यात बसून गेला, हे मी माहेरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माहेर रेणापूरचं. तिथं एकाला कळलं की लातूरपर्यंत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

मी घरी लग्नपत्रिका करते. छापत नाही, मजकूर टाइप करायचा, गणपती-कलश बसवायचे, काका-आत्यांची नावं मानपानाप्रमाणे वरखाली करायची आणि फाइल प्रेसवाल्याला पाठवायची. त्यासाठी बाहेरच्या खोलीत एक कोपरा आणि एक जुना कॉम्प्युटर. यंदा त्यानं जीव सोडायचा तेवढाच बाकी ठेवला होता. पत्रिका उघडायला सांगितली की पडद्यावर चक्र फिरत बसायचं, आणि मी तोवर भाजी चिरून, फोडणी देऊन परत यायचे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांच्या लेखी माझं काम म्हणजे टीव्ही बघणं. सून काय करते असं कुणी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई, घरीच असती." मी आतून ऐकायचे आणि पोळी अशी लाटायचे की पोळपाट हलायचा. त्यात सोयाबीनची रास झाली, पोती घरात आली आणि मामांची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली. मशीन चालत नाही तर जागा कशाला अडवायची, असं त्यांचं म्हणणं. नवरा आमच्या दोघांच्या मधे बसून मोबाईल बघत राहिला.

मी म्हटलं, मशीन चांगलं आहे, रॅम कमी पडते. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही, तसं झालंय त्याचं. दोन जीबीवर किती दिवस ओढायचं? लातूरला नोकरीला असलेल्या भावाला फोन केला, आठ जीबीची रॅम आण म्हणून. कोणती आणू, असं त्यानं विचारलं. नव्यातली नवी आण, मी ठसक्यात सांगितलं. ब्लाउजपीस घ्यायचं तर मी साडी काखेत मारून चार दुकानं हिंडते. मशीनच्या बाबतीत मात्र मला वाटलं, नवं ते सगळ्यांनाच चालत असणार.

भाऊबीजेला तो रॅमची पट्टी घेऊन आला. सगळे बघायला जमले. मी झाकण काढलं, जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामी होती, तिच्यात नवी घालायला गेले तर बसेना. उलटी करून बघितली, तरी बसेना. चारचौघांत फजिती नको म्हणून अंगठ्यानं जोर लावला, तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला.

"थांब, मोडशील. ते ह्याचं न्हाईच."

त्यांनी दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेऊन एकमेकींना लावून धरल्या. दोघींच्या खालच्या कडेला एकेक बारीक कट होता, पण वेगवेगळ्या जागी. मामांनी जन्मभर बोअरच्या मोटारीचे बुश आणि ट्रॅक्टरचे बेअरिंग असेच पारखलेले. मला जे दिसलं नाही ते त्यांना चष्म्याशिवाय दिसलं. असला राग आला मला, पण येऊन येऊन माझाच.

मग मामांनी निकाल दिला. सोमवारी नांदेडला जायचं, चक्कर एकच. मशीन चाललं तर कोपरा माझा, नाही तर सोयाबीनचा. मी "हाव" म्हणून मान डोलावली. करते काय?

सोमवारी दोन्ही पट्ट्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या, आतल्या बोर्डाचा फोटो काढला आणि बाहेर आले. बघते तर मामा अख्खा सीपीयू रिकाम्या पोत्यात घालून सुतळीनं तोंड बांधत होते. अहो, नुसती पट्टी पुरते, परोपरीनं सांगितलं. मोटार बिघडली की आपण मोटार नेतो, म्हणाले, मोटारीचा फोटो नेत नाही. एसटीत पोतं आमच्या दोघांच्या मधे. आत कोंबड्या आहेत का, असं कंडक्टरनं विचारलं. मामा गंभीरपणे न्हाई म्हणाले. ओळखीचं कुणी चढू नये एवढी एकच प्रार्थना करत मी खिडकीबाहेर बघत बसले.

नांदेडच्या दुकानदारानं आधी नवाच कॉम्प्युटर घ्या म्हणून सुचवलं. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गपगुमान माझ्या पट्ट्या बघायला लागला. जुनी डीडीआर थ्री, भावाची डीडीआर फोर; पिढीच वेगळी, ती ह्या बोर्डात जन्मात बसायची नाही, म्हणाला. फोटोतला नंबर बघून त्यानं आणखी सांगितलं की हा बोर्ड एका खाचेत चारच जीबी घेतो, तेव्हा जुनी काढा आणि चार-चारच्या दोन बसवा. त्यानं काढून दिलेल्या जोडीचा कट जुन्या पट्टीशी तंतोतंत जुळला. झालं, मी पर्स उघडली. मामा मात्र जागचे हलले नाहीत.

"बसवून दाखवा. चालू करून."

दुकानदारानं पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, बसवा. पोतं सोडलं तसे आतून सोयाबीनचे चार दाणे काउंटरवर घरंगळले. पट्ट्या झकास बसल्या. बटण दाबलं तर मशीन नुसतं पीं पीं करायला लागलं आणि पडदा काळाच राहिला. काढून परत बसवल्या, परत पीं पीं. दुकानदार ओशाळला. जुन्या बोर्डांना काही पट्ट्या बसतात पण चालत नाहीत, म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्या बनावटीची जोडी काढली. ह्या वेळी मशीन एकदाच वाजलं आणि पडदा उजळला. मी एक पत्रिका उघडली. ती इतक्या झटकन उघडली की मला दुकानात रडूच आलं.

नुसती पट्टी घेऊन गेले असते तर ती पहिली जोडीच घरी आणली असती, आणि आज कोपऱ्यात पोती असती. परतीच्या एसटीत मी हे मामांना कबूलही केलं. ते उतरल्यावर चहा घेऊ, एवढंच म्हणाले.

मामांचा एक पत्र्याचा डबा आहे. शेतातल्या प्रत्येक मशीनचा एकेक जुना भाग त्यात असतो, दुकानात नमुना दाखवायला, आणि प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली असते. ट्रॅक्टर. बोअरची मोटार. फवारणी पंप. मिक्सर नाही, टीव्ही नाही. पोटापाण्याचं मशीन असेल तरच डब्यात जागा. जुनी पट्टी मी केरात टाकायला निघाले तेव्हा मामांनी ती मागून घेतली होती. कशाला, ते मी विचारलं नाही.

आठवड्यानं सुतळी हवी म्हणून डबा उघडला. बेअरिंगच्या शेजारी माझी पट्टी होती. चिठ्ठीवर मामांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: सूनबाईच्या कामाचं मशीन.

बाहेर कुणी विचारलं की मामा अजूनही "घरीच असती" म्हणतात. म्हणेनात का. डब्यात काय लिहिलंय ते मी वाचलंय.