थोरल्याच्या कोटाची बटणं

मास्तरांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्यांच्या हातांना स्वस्थ बसवत नसे. बत्तीस वर्षं शिवणकामात गेलेली. माणूस समोर आला की चेहरा नंतर, आधी उसवलेली शिवण दिसायची. व्याह्यांच्या बाहीचा लोंबता दोरा त्यांनी पहिल्याच भेटीत दाताने तोडला होता. लेक अजून त्यावरून त्यांना चिडवते.

बायको गेली, लेक सासरी गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर मास्तर परमुलखात, कपडे दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला लागले. खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, दोन परक्या भावांच्या बिऱ्हाडात. त्यांची भाषा वेगळी, खाणं वेगळं, देवही वेगळा. शहराची भाषा तिघांनाही मोडकीतोडकीच येत होती, त्यामुळे भांडणाची सोयच नव्हती.

पहिल्या दिवशी दोघांनी मास्तरांचं शिलाई मशीन न सांगता उचलून वर आणलं. मोठ्या भावाने घाम पुसत हात पुढे केला आणि आपलं नाव सांगितलं. मास्तरांना ते काही पकडता आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मास्तर मान हलवून हसले आणि मनातल्या मनात थोरला-धाकटा असं त्यांचं बारसं उरकून मोकळे झाले. थोरला मात्र ‘मास्तर’ हा शब्द आठवडाभर घोकून अगदी स्वच्छ म्हणायला शिकला.

दोघे बेकरीत कामाला होते. त्यांना ताजा पाव मिळायचा, त्यातला अर्धा मास्तरांच्या फळीवर ठेवलेला असायचा. या माणसांसाठी आपणही काहीतरी करावं, असं मास्तरांना फार वाटायचं. आणि दाराशी खुंटीवर थोरल्याचा जाड कोट लटकत होता. कापड उत्तम, शिलाई पक्की, पण चार बटणं चार तऱ्हेची! एक पितळी, एक लाकडी, एक निळं, आणि सगळ्यात वर शिंगाचं, कडेला टवका उडालेलं. येता-जाता ते बघून मास्तरांचे हात शिवशिवायचे.

दोघे भाऊ पंधरा दिवस गावी गेले तेव्हा मास्तरांनी कोट दुकानात नेला, चार एकसारखी काळी बटणं लावली, इस्त्री फिरवली. जुनी बटणं दुकानातल्या बटणांच्या डब्यात टाकली.

थोरला परत आला. कोटाकडे बघतच राहिला.

“मास्तर, जुनी बटणं कुठायत?”

“जुनी? टाकली दुकानातल्या डब्यात. कोट बघ ना, कसा नवाकोरा दिसतोय!”

थोरला खुर्चीत बसला. शेवटी धाकट्याने शब्द जुळवत सांगितलं, “आमच्या घरात माणूस गेलं की त्याच्या कपड्याचं एक बटण थोरल्याच्या कोटाला लावतात. आजोबा, आजी, आत्या. शिंगाचं होतं ते बाबांचं.”

 दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अख्खा डबा टेबलावर ओतला. तीन बटणं सापडली. शिंगाचं नव्हतं. मग आठवलं, पाचसहा दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच ते कुणाच्या तरी ओव्हरकोटाला लावून दिलं होतं. कुणाच्या, ते काही केल्या आठवेना.

त्यांनी तिन्ही बटणं परत लावून दिली. वर एक शब्द बोलायचा होता, ‘चुकलो.’ त्याऐवजी ते बोलून बसले, “तसलंच दुसरं आणतो. हुबेहूब.”

“नको मास्तर. वरची जागा रिकामीच राहू द्या,” थोरला म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाव फळीवर रोज येतच राहिला, आणि मास्तरांच्या घशाखाली तो उतरत नसे.

महिन्याभरात दोघा भावांनी दुसरीकडे काम धरलं. निघताना थोरल्याने हात मिळवला. तेव्हाही तो शब्द मास्तरांच्या तोंडातून फुटला नाही.

पुढच्या थंडीत एक ओव्हरकोट बाह्या आखूड करायला दुकानात आला. मधोमध शिंगाचं बटण, कडेला टवका.  या वेळी मास्तरांनी गिऱ्हाइकाला विचारलं, त्याचा होकार घेतला आणि मगच बटण काढलं.

धाकट्याचा फोन लागेना. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर मध्यंतरी विकलं गेलेलं, नव्या मालकाला त्या दोघांचं काही ठाऊक नव्हतं. शेवटी बटण रुमालात बांधून मास्तर त्यांच्या जुन्या बेकरीत गेले.

मुकादम बरा होता. त्याने जाडजूड वही उघडली आणि म्हणाला, “शेकडो माणसं येतात-जातात इथे. काढतो शोधून. नाव सांगा.”

मास्तरांनी तोंड उघडलं. पाव देणारा, मशीन उचलणारा, थोरला, धाकटा, सगळं ओठांवर आलं.

“नाव?” मुकादमाने पुन्हा विचारलं.

थोरल्यानेही आपलं नाव दोनदाच सांगितलं होतं.