किड्याचं बारसं

ऐका, माझी फजिती सांगते. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा, सांडला तर मी जबाबदार नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि स्टोनफ्लाय नावाच्या किड्यांवर पीएचडी करते. ओढ्यातल्या दगडांवर बसणारे हे तपकिरी किडे सगळे एकाच साच्यातले. जात ओळखायची तर नराच्या पोटाचं शेवटचं टोक कापून मायक्रोस्कोपखाली बघायचं. तिथे हुकासारखा एक आकडा असतो. आकडा वेगळा तर जात वेगळी.

पेठ तालुक्यातल्या एका ओढ्यावर मला दोन नर सापडले. एकाचा आकडा वर वळलेला, दुसऱ्याचा खाली. म्हणजे नवी जात! मला आकाश ठेंगणं झालं. सासूबाईंना म्हटलं, "आई, हिला तुमचं नाव देणार."

सासूबाई दिंडोरीकडच्या, तोंडावर बोलणाऱ्या. "किड्याला माझं नाव? अन् ह्यो येगळा हाय ते कशावरनं?"

"शेवटच्या टोकावरून."

"म्हंजी बुडावरनं?"

पण संध्याकाळपर्यंत त्या अशा खुलल्या की इंदिरानगरातल्या त्यांच्या भिशीच्या सगळ्या बायकांना बारशाचं आमंत्रण गेलं. बारसं म्हटल्यावर घुगऱ्या आल्याच. मीही भरीस पडले आणि माझ्या गाइड सरांना थेट पुण्याहून बोलावलं.

रविवारी आमच्या घरचा हॉल भरला. सासूबाई पैठणी नेसून मायक्रोस्कोपशेजारी बसल्या. सर डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सुई मागितली आणि तो तुकडा अलगद उलटा केला.

"आता बघा."

बघितलं. खाली वळलेला आकडा वर वळला होता.

"मॅडम, जात एकच आहे. हा तुकडा उताणा पडला होता."

मोहरीहून बारीक तुकडा, त्याची पाठ कुठली नि पोट कुठलं हे तपासायचं मला सुचलंच नव्हतं. माझी पीएचडी गेली खड्ड्यात, पण साऱ्या भिशीसमोर सासूबाईंचं नाक कापलं गेलं. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना.

त्यांनी शांतपणे घुगऱ्यांचं पातेलं उचललं. "घ्या गं. हिला उताणं-पालथं कळंना, बरं झालं माझं नाव वाचलं."

"पण काकू, बारशाला आलोय, कुणाचं तरी नाव ठेवा की," एक बाई म्हणाली.

सासूबाईंनी पातेलं ठेवलं, माझ्या कानाशी वाकून कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उताणी मॅडम."

आता अख्खी सोसायटी मला याच नावाने हाक मारते. सरसुद्धा.