पेदादबायची बाटली

पेदादबाय गेल्याचं मला सांगितलं ते सावित्री खारविणीने, आणि तेही फाटकाबाहेर उभं राहून. ही बाई दर शुक्रवारी मिरकरवाड्याहून टोपली घेऊन येते, थेट मागल्या पडवीत बसते, पाणी मागते, गावभरची गाऱ्हाणी सांगते. त्या दिवशी टोपली डोक्यावरून उतरली नाही. "पेदादबाय सरली ओ, काल तिन्हीसांजेला. सकाळी तिच्या लोकांनी पुरली पण. खोलीतलं सामान ज्याने त्याने नेलं, बाटली तेवढी राहिलीय. तिला हात कोण लावणार? तुमच्या नावाने ठेवून गेली म्हणे." एवढं बोलून ती मासळी न दाखवताच वळली. ती बाटली मी स्वतः जाऊन आणली, त्याला आता सहा आठवडे होतील...

पेदादबाय मूळची गोव्याकडची. नवरा बोटीवर खलाशी होता, एका फेरीहून परत आला नाही, आणि ही त्याची वाट बघत रत्नागिरीतच राहिली. हाताला गुण असा की आडवं आलेलं मूल बोटांनी चाचपून वळवायची. खारवी, मुसलमान, आमचे मिशनचे, सगळ्यांच्या घरी तीच सुईण. तिच्या पिशवीत कात्री, दोरा, एरंडेल, आणि एक औषधाची चपटी बाटली, बूच लावलेली. बाटलीत साधं पाणी. दर शुक्रवारी ते ओतून ताजं भरायची. ख्रिस्ती घरातलं मूल जगत नाही असं दिसलं आणि पाद्री जवळ नसला, तर ते पाणी डोक्यावर घालून बाप्तिस्मा द्यायचा, अशी तिच्या पंथाची रीत. इतरांच्या मुलांना तिने ते कधी लावलं नाही. "ज्याचं लेकरू त्याच्या देवाचं," म्हणायची.

आणि मी कोण? मिशनच्या वस्तीतली. शाळेत गेले नाही. लग्नानंतर चुलीपुढे बसून अक्षरं लावली आणि मग हाती येईल ते वाचत सुटले. हाती काय यायचं, तर मिशनमधली चोपडी. त्यांत लिहिलेलं, की पहिली मंडळी घराघरांतून जमायची, ना मूर्ती ना मेणबत्त्या. पुढे रोमवाल्यांनी सगळं बिघडवलं, म्हणून रोमी लोक, म्हणजे पेदादबायसारखे कॅथलिक, खरे ख्रिस्तीच नव्हेत. थोडं वाचलेल्या माणसाला फार ठाऊक असतं! दर शुक्रवारी पेदादबाय पडवीत आली की आमचं जुंपायचं.

"अगो, सुरमई खाऊन उपास? हा कुठला धर्म?" मी म्हणायची.

"शुक्रवारी मांस सोडायचं, मासे नाहीत. आणि तू काय सोडतेस गो सारूबाय? बोलायचं तरी सोड एक दिवस!" मग बोट नाचवत, "पेद्रूला, तुमच्या त्या पेत्राला, स्वर्गाच्या चाव्या कोणी दिल्या? खुद्द जेजू ख्रिस्ताने. तो पेद्रू आमचा. तुमची इगर्ज-मंडळी तेव्हा कुठे होती? कोणाच्या पोटात?"

हसायचो, चहा प्यायचो. मला वाटायचं, हा सगळा पडवीतला खेळ आहे. पण मनात खोलवर मी ते चोपड्यांतलं वाक्य खरं धरून बसले होते, आणि ते तिथे दबा धरून होतं म्हणा ना.

मग माझी शांता पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. जावई मुंबईला. पेदादबायने दीड दिवस झटून तिला सोडवली. मुलगा झाला, पण रडला तो मांजरीच्या पिलासारखा. तिसऱ्या दिवशी दुपारी ओठ निळे पडले. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, दौऱ्यावर वेळणेश्वराकडे गेलेले, चार दिवस येणार नव्हते. पेदादबायने मुलाच्या छातीला कान लावला, बराच वेळ काढलाच नाही. मग उठली आणि पिशवीतून बाटली काढली. "सारूबाय, हा संध्याकाळ बघणार नाही. घालू?"

शांता म्हणाली, "आई, घालू दे."

मी मध्ये उभी राहिले. "तुझं पाणी नको. तुम्ही ख्रिस्ती नव्हेत."

 पेदादबायने बूच काढलेलं होतं, ते परत लावलं, अंगठ्याने दाबून. दिवेलागणीच्या आधी मूल गेलं.  शांता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली... त्या पाठीची मला अजून भीती वाटते.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. आठ दिवसांनी विहिरीवर बायका विचारू लागल्या, कसं काय झालं? मी म्हटलं, "तिने बाटली काढली आणि मूल गेलं." खोटं नव्हतं. पण मूल जात होतं म्हणून तिने बाटली काढली, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग पाणी का घातलं नाही? माझ्या मनाने आपली सुटका करून घेतली. महिन्याभरात ते मिरकरवाड्यात पोचलं: पेदादबायच्या पिशवीत मरण आहे. बायका आधी म्हणू लागल्या, बाटली घरी ठेवून ये. मग म्हणू लागल्या, येऊच नको. ती लोकांचे कपडे शिवून राहू लागली.

सावित्रीची सून दोन दिवस अडली होती. मूल आडवं. पेदादबाय तीन घरं पलीकडे, दारात उभी. कोणी हाक मारली नाही. सून गेली, पोटातलं गेलं. मी भेटायला गेले तेव्हा सावित्रीच मला म्हणाली, "तुमीच म्हटलेलंत ना ओ, तिची बाटली बरी नाय म्हणून? आमी वेळेवर सावध झालो."  तिथेच बोलायला हवं होतं. आज इथे छापून सांगते आहे, त्याला फार उशीर झाला.

पुढच्या वर्षांत पुष्कळ वाचलं. कळलं, की जे शास्त्र, म्हणजे बायबल, हातात धरून मी तिला ख्रिस्ती नव्हेस म्हटलं, ते शेकडो वर्षं हाताने नकलून राखलं तिच्याच पंथाच्या साधूंनी. आणि सुरुवातीला होतं काय? माडीवरची एक खोली, जेमतेम शंभर-सव्वाशे माणसं, दारं लावून बसलेली, भ्यालेली. ख्रिस्ती हे नावसुद्धा अजून कोणी त्यांना दिलं नव्हतं.

ती जायच्या पंधरा दिवस आधी मी हे सगळं तिला सांगितलं. अंथरुणाला खिळली होती, पाय सुजलेले. विहिरीवरचं बोलणंही सांगितलं. तिने डोळे मिटले. "ठाऊक होतं गो. मिरकरवाड्यात काय लपतं?" मग म्हणाली, "तुला एक ठाऊक नाही, एवढं वाचतेस तरी. पाणी कसलंही चालतं. आणि घालणारा कोणीही चालतो, हिंदू, मुसलमान, कोणीही. मनापासून घातलं की लागतं. तुझ्या हातचंसुद्धा चाललं असतं." तिने मला कपाळावर पाणी कसं सोडायचं ते दाखवलं, तीनदा. शब्दही म्हणून घेतले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने... आमचे पाळक म्हणतात तेच, अक्षर न अक्षर. शांताचं मूल जात होतं त्या दुपारी मी तिथेच होते, बाटली तिथेच होती. मला मूल तसंच जाऊ द्यायची गरज नव्हती.

आता बाटली माझ्या खिडकीत आहे. पोटुशी बाई रस्त्याने आली की माझ्या फाटकापाशी पदर सावरून पलीकडे होते. मी कोणाला दोष देत नाही, भीती माझीच पेरलेली आहे. आणि परवा शांताचं पत्र आलं. बारा वर्षांनी पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांच्या मते प्रकृती बरी नाही, पण बाळंतपण इथेच, असा तिचा हट्ट. शेवटी एकच ओळ: "पेदादबायची बाटली तुझ्याकडे आहे असं कळलं. ती रिकामी ठेवू नकोस."

येत्या बोटीने येईल. कदाचित लागणारही नाही, मूल ठणठणीत होईल, मी उगाच भिते. आज शुक्रवार. सकाळी पाणी ओतून ताजं भरलं, बाहेरून पुसून खिडकीत ठेवली. बूच मात्र सैलच ठेवलं आहे.