मी खाल्लेलं वाक्य

सोमाजीभाऊ गेल्याची बातमी मला गोंडपिपरीच्या एस. टी. स्टँडवर कळली. पोंभुर्ण्याकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तो खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, तुमचे प्रॉम्टर गेले. परवा सकाळी, झोपीतच." मी शाळेत निघाले होते, हातात तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा होता. वाईट झालं, असं काहीतरी मी पुटपुटले. पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या माणसाला एक गोष्ट सांगायची सहा वर्षं राहून गेली होती, ती आता सांगावी लागणार नव्हती. मग दिवसभर त्या सुटण्याचीच भीती वाटत राहिली. याला आता पाच आठवडे झाले.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला सोमाजीभाऊ कळायचे तर आधी आमचं नाटक कळायला हवं. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच, तेही गाण्यांनी भरलेलं, तीन अंकी. नट आठ गावांचे. कोणी मास्तर, कोणी घुग्घुसच्या कोळसा खाणीत पाळी करणारा. तालमी होतात चार नाहीतर पाच, आणि पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. म्हणून मंचासमोर खड्डा खणतात, त्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो आणि प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य दबक्या आवाजात आधी म्हणतो. नट त्याच्यामागून म्हणतात. लोक रडतात नटासाठी, टाळ्या देतात गाण्यासाठी, आणि खड्ड्यातल्या माणसाचं नावही कोणाला ठाऊक नसतं. सोमाजीभाऊ दिवसा पोंभुर्ण्याजवळच्या आपल्या गावात शिंपीकाम करायचे आणि हिवाळाभर आमच्या मंडळीच्या खड्ड्यात बसायचे. मी त्यांच्याइतका कमी हलणारा आणि सगळ्यांना हलवणारा माणूस पाहिला नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच हिवाळ्यात मंडळीनं नवं नाटक घेतलं आणि नटसंचही नवा बांधला. मी तेव्हा वीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका झालेली. विहारात गाणी म्हणायची तेवढीच माझी तयारी, पण पेटीमास्तरांनी आवाज ऐकला आणि मला सुनेचं काम दिलं. मी मुळात भित्री. कुत्र्याला भिते, हेडमास्तरांना भिते, विहिरीत वाकून पाहायलाही भिते. माझ्या आधी निवडलेल्या मुलीला नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी दोन चुकांवर घरी पाठवलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी कोणीतरी आवर्जून सांगितलं.

नवा संच बांधला की त्याची कॅसेट करायची ही आमच्या मंडळीची रीत. शाळेच्या खोलीत सतरंजीवर सगळे गोल बसायचे, मधे मास्तरांचा टेपरेकॉर्डर, आणि नाटक गाण्यांसकट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. मग ज्याच्या घरी टेप असेल त्यानं कॅसेट न्यायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे जाऊन ऐकायची. त्या वाचनात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी एक वाक्य खाल्लं. भांडण होऊन उंबऱ्याबाहेर बसलेल्या सासऱ्याला सून बोलावते: "मामंजी, दार उघडंच आहे, आत या." हे ऐकून सासरा मंचावर येतो, अशी ती जागा. मी त्याच्या आधीचं लांबलचक भाषण संपवलं आणि घाबरून थांबले. सासरा करणारे घुग्घुसचे वामनभाऊ कागदात डोकं घालून बसले होते. त्यांनी आपलं वाक्य लगेच वाचून टाकलं. कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मास्तरांचा चेहरा पाहून मी गप्प राहिले.

माझ्याकडे टेप नव्हता, म्हणून दर रविवारी दुपारी मी सोमाजीभाऊंच्या पडवीत जाऊन बसायची. त्यांची बायको, पार्बताबाई, सेल उन्हात वाळत ठेवायच्या, म्हणजे ते अजून दोन दिवस चालायचे. टेपला भाऊंनी उरल्यासुरल्या शर्टाच्या कापडाचा अंगरखा शिवला होता. त्या आधीच्या सगळ्या संचांच्या कॅसेटी एका पत्र्याच्या डब्यात होत्या. कोणती सून तिसऱ्या कडव्यात दमली, कोणता नायक रडताना हसला, हे त्यांना सगळं ठाऊक. नवी कॅसेट ते मान खाली घालून ऐकायचे, बोट बटणावर, मांडीवर वही उघडी. मधेच थांबवून म्हणायचे, "इथी तुहा श्वास तुटते. शब्द नको तोडू, श्वास आधीच घेऊन ठेव." गाण्यातलं मला जे थोडंफार कळतं ते त्या पडवीत कळलेलं आहे.

एका रविवारी मी पाहिलं की पहिल्या अंकाच्या एका पानावर मास्तरांनी लाल शाईनं दोन ओळी वाढवल्या आहेत. मी विचारलं, "भाऊ, हे कवा वाढवलं?" त्यांनी पानावरून बोट फिरवलं, भलतीकडेच. "कोणतं?" म्हणाले. मी म्हटलं, "हे न, लाल शाईचं." त्यांनी वही मिटली. आत पार्बताबाई सुईत दोरा ओवत होत्या, आणि मला एकदम आठवलं की कितीतरी दिवसांत मी भाऊंना सुई ओवताना पाहिलंच नव्हतं...

"डोये गेले पोरी," ते शेवटी म्हणाले. "उजेड दिसते, अक्षर नाई दिसत. नस सुकून राह्यली म्हणे, चांद्याच्या डॉक्टरनं सांगतलं. कोणाले बोलू नको. खड्ड्यातून उठवतीन मले."

"मंग नाटक कसं करसान तुमी?"

"कॅसेट हाय न. सारी पाठ करून राह्यलो. वामनच्या आवाजातून वामनचं, तुह्या आवाजातून तुहं." मग थोडं हसून म्हणाले, "त्या वामनच्या वाचण्यात खड्डेच खड्डे. तुह्या वाचण्यात एक चूक नाई. म्हून मले तुह्यावर भरवसा हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, सहा शब्दांचं. पण नुकतीच मिळालेली शाबासकी तोंडावर परत करायचं धाडस माझ्यात नव्हतं. शिवाय त्यांनी मास्तरांना सांगितलं तर? लाल शाईच्या ओळी मी त्यांना चार वेळा वाचून दाखवल्या, पाठ करून घेतल्या, आणि माझं वाक्य मात्र पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिले. शेवटी मनाशी ठरवलं की ते वाक्य आपल्याला पाठच आहे, वेळेवर आपणच म्हणून टाकू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मी तेव्हा शिकले.

पहिला प्रयोग जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या मंडईत होता. मांडव गच्च भरलेला. पहिला अंक नीट पार पडला. खड्ड्यातून भाऊंचा आवाज येत होता, पुढ्यात वही, वहीवर कंदील, आणि योग्य वेळी पान उलटणारा हात. माझ्याखेरीज कोणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तर त्या हाताकडे पाहूनच घाम फुटत होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटचं भाषण आलं. मी ते त्यांच्यामागून म्हणत गेले. भाषण संपलं. आणि खड्ड्यातून आलं ते वामनभाऊंचं वाक्य, "कोणत्या हक्कानं बोलावतेस?"

मंचावर मी एकटी. वामनभाऊ पडद्यामागं माझ्या हाकेची वाट पाहत उभे. भाऊंनी तेच वाक्य पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. माझं सगळं ठरवणं त्या क्षणी कुठं गेलं देव जाणे. खड्ड्यातून येईल तेच तोंडातून निघायची सवय लागलेली, आणि खड्डा तर तिसऱ्यांदा तेच म्हणत होता. पेटी थांबली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मी खाली पाहिलं तर भाऊंनी मान वर केली होती, माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला... त्या चेहऱ्यावरची भीती मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. तेव्हा कुठं माझ्या घशातून निघालं, "मामंजी, दार उघडंच आहे, आत या." वामनभाऊ आले. नाटक पुढं गेलं.

अंक पडल्याबरोबर मास्तर खड्ड्यापाशी आले. "सोमाजी, वाक्य काऊन नाई देलं? त्या पोरीनं सांभाळलं म्हणून वाचलो."

"दोन पानं संगच पलटली," भाऊ म्हणाले. "चूक माही."

मी तीन हातांवर उभी होते. चूक माझी आहे म्हणावं, तर मग कॅसेटची गोष्ट निघणार, आणि हातात वही असलेल्या माणसाला कॅसेट कशाला, हेही निघणार. भाऊंचं गुपित राखायचं म्हणून मी तोंड उघडलं नाही, असं मी पुढं सहा वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मलाही घरी पाठवतील, ही माझी भीती होती. "पोरीनं सांभाळलं" हे शब्द ऐकायला गोड लागले होते, हेही लिहून टाकते.

त्या हंगामाचे उरलेले प्रयोग त्यांनी निभावले. पुढच्या वर्षी डोळ्यांचं सगळ्यांना कळलं आणि खड्ड्यात दुसरा माणूस बसला. नव्या संचाची कॅसेट झाली की भाऊ मागवून ऐकायचे, असं कळायचं. मी सुरुवातीला जायची. पण ते जरा गप्प झाले की मला वाटायचं, आता विचारतील. मग माझं जाणं दिवाळीपुरतं झालं, मग तेही राहिलं. त्यांनी कधीच काही विचारलं नाही.

बातमी कळल्यावर मी भेटायला गेले तेव्हा पार्बताबाईंनी पत्र्याच्या डब्यातून एकच कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "हे तुह्यी. सुमनले दे म्हणून सांगून गेले." ती मी घरी आणून तांदळाच्या डब्यामागं ठेवली. महिनाभर तिकडं हात गेला नाही. परवा रविवारी दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा लावली. वीस वर्षांच्या माझ्या आवाजाची मला लाज वाटत होती. दुसरा अंक संपत आला तशी बोटं बटणावर गेली, बंद करावं म्हणून.

भाषण संपलं. खट्ट असा आवाज झाला, कोणीतरी दोन बटणं एकदम दाबल्याचा. आणि भाऊंचा आवाज आला, खड्ड्यातला, दबका, एकही शब्द न तोडणारा: "मामंजी, दार उघडंच आहे, आत या." पुन्हा खट्ट. वामनभाऊंचं वाक्य मधूनच सुरू झालं, "...बोलावतेस?" त्याआधीचे त्यांचे शब्द भाऊंच्या आवाजाखाली पुसले गेले होते.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. केव्हापासून, कोण जाणे. बहुतेक त्याच प्रयोगावरून घरी आल्यावर त्यांनी पुन्हा ऐकून ती जागा शोधली असेल आणि चाचपडत बटणं दाबली असतील. मला भीती वाटली, खरंच वाटली, भरदुपारी, अंगावर काटा येईपर्यंत. मी कॅसेट मागं नेली आणि तेवढंच पुन्हा लावलं. भाऊंनी वाक्य दिलं. त्यांनी सांगितलं होतं तसा मी श्वास आधीच घेऊन ठेवला होता. त्यांच्यामागून मी ते म्हटलं.