टिपक्याचा वंश

घरात सरडा पाळला की किस्से गोळा करायला बाहेर जावं लागत नाही, ते बेल वाजवून आत येतात. गंगापूर रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी सकाळी तिथे आम्ही चौघं जमतो. मी, अ‍ॅक्वेरियमचं दुकान चालवणारे सलीमभाई, कॉलेजात बायॉलॉजी शिकवणाऱ्या मीराताई आणि चांदवडकडचे द्राक्षबागायतदार प्रवीणभाऊ. चौघांकडेही शॅमेलिऑन! रानातला आपला घोयरा सरडा नव्हे हं, त्याला हात लावणं गुन्हा आहे. आमचे येमेनकडच्या जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. त्यात एखादं पिल्लू जगावेगळं निघालं की आम्हाला जेवण गोड लागत नाही.

*

एकदा सलीमभाईंनी ग्रुपवर फोटो टाकला. त्यांच्या हिरव्यागार मादीच्या डोक्यावरचा तुरा दुधासारखा पांढरा! खाली एकच शब्द, 'म्युटेशन'. मी एका गिऱ्हाइकाला नुसती फ्रेम घालून खुर्चीत बसवलं आणि स्कूटर काढली. मीराताई प्रॅक्टिकल सोडून धावत आल्या. प्रवीणभाऊंनी तर फवारणी थांबवून गाडी हाणली.

मीराताईंनी मादीला नीट न्याहाळलं, ओला कापूस मागवला आणि तुऱ्यावरून हळूच फिरवला. सगळं म्युटेशन कापसावर आलं. सलीमभाई किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून ते सरड्यांना खाऊ घालतात, बाईसाहेबांनी त्या वाटीतच डोकं खुपसलं होतं.

सलीमभाईंनी तोवर तिचं नाव चांदनी ठेवलेलं. "अब नाम तो रहने दो," एवढंच म्हणाले. अजून तेच नाव आहे.

*

माझी मेव्हणी लासलगावची. शॅमेलिऑन ज्यावर बसेल त्याचा रंग घेतो, अशी तिची पक्की खात्री. मी समजावलं की असं काही नसतं, तो रागावला, घाबरला, गारठला की रंग पालटतो. पण ऐकेल तर ती मेव्हणी कसली! तिने माझ्या नराला थेट स्वतःच्या पैठणीच्या पदरावर ठेवलं. पदरावरचा मोर त्याच्या अंगावर उमटतो का, हे तिला बघायचं होतं.

तो आधी रागाने काळा पडला. मग पदरावर काहीतरी उमटलं, पण तो मोर नव्हता. तेव्हापासून ती आमच्याकडे कॉटनमध्ये येते.

*

आता प्रवीणभाऊंचा टिपक्या. नर. हिरव्या अंगावर पांढरे ठिपके, एक पाय अख्खा पांढरा. रागावला, गारठला, तरी ठिपके जागच्या जागी. म्हणजे जन्माचंच देणं, कापसाने पुसून न जाणारं! त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीराताईंनी आधी ओला कापूसच मागवला. प्रवीणभाऊंनी त्या दिवशी एकच ध्यास घेतला, टिपक्याचा वंश वाढवायचा.

हिशोब त्यांचा सरळ होता. त्यांच्या वडिलांना बागेत एकदा वेलीच्या एका काडीवर लांबुडके मणी दिसले. वडिलांनी त्या काडीची कलमं केली आणि अख्खा प्लॉट लांब मण्यांचा झाला. तसंच टिपक्याला हिरवी मादी आणायची, की सगळी पिल्लं ठिपक्यांची. गावात सांगूनही टाकलं.

"भाऊ, बी लावून कोणी द्राक्षबाग केलीय का?" मीराताईंनी विचारलं.

"नाय. बियाचा भरवसा नसतो. बी आईबापावर जाईलच असं नाय."

"मग हे बीच आहे. सरड्याला कलम नसतं."

प्रवीणभाऊ पडल्या चेहऱ्याने घरी गेले. तरी हिरवी मादी त्यांनी आणलीच. पुढे अंडी फुटली आणि सगळी पिल्लं हिरवी निघाली, ठिपका औषधालाही नाही. गावातली माणसं बघायला येत आणि चहा पिऊन जात. कोणी हसलं नाही, त्याचंच भाऊंना जास्त लागलं. एक मादी ठेवून बाकी पिल्लं त्यांनी आम्हाला वाटून टाकली.

त्या उन्हाळ्यात टिपक्या वारला. मला फोन करून भाऊ म्हणाले, "आता संपलं सगळं." द्राक्षाचा माल गारपिटीत गेला तेव्हाही हा माणूस असा बोलला नव्हता.

*

मीराताई मात्र पेटल्या होत्या. टिपक्या संपलेला नाही, तो त्याच्या हिरव्या पोरांत लपलाय, असं त्यांचं म्हणणं. त्याचा मुलगा माझ्याकडे, मुलगी भाऊंकडे. त्यांची जोडी लावली तर एखाद्या पिल्लात ठिपके वर येतील. एकदाच, नंतर बाहेरचं रक्त आणायचं.

भाऊ ताडकन उठले. "काय सांगू राहिलात ताई? आपल्यात सगोत्र चालत नाय, आन् तुम्ही सख्खी भावंडं म्हणताय! आईला काय सांगू?"

त्यांची आई म्हणजे घरचं हायकोर्ट. महिनाभर भाऊ रविवारी आलेच नाहीत. मग एक दिवस पिंजरा घेऊन दारात उभे. आईला त्यांनी सांगितलं होतं, नाशिकचं स्थळ आलंय, पाव्हणा चांगल्या घरचा आहे. तोंडावर हात ठेवून मी टिपक्याचा मुलगा त्यांच्या हवाली केला.

अंडी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात ठेवली. महिने गेले. फुटायला लागली तशी आम्ही चांदवड गाठलं. पहिलं पिल्लू हिरवं, दुसरं हिरवं, तिसरंही. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात सलीमभाईंनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठला. कोपऱ्यातल्या अंड्यातून एक पांढरा पाय बाहेर आला होता. मागोमाग डोकं, मग ठिपक्यांची पाठ. टिपक्याच, बोटाएवढा! भाऊ खाली बसले आणि रडायलाच लागले. मीराताई मला मिठी मारत होत्या, मी सलीमभाईंना.

आवाज ऐकून आई आतून आल्या. चष्मा सारखा करून त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. पांढऱ्या पायावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्या भाऊंकडे वळल्या.

"काय रे प्रवीण, त्या नाशिकच्या पाव्हण्याचा बाप कोण?"